दुकान वाढवू नका

आमच्या घरात काही फुटत नाही आणि काही बंद होत नाही. नारळ वाढवतात, बांगडी वाढते, आणि दिवस संपला की दुकानदार दुकान वाढवून घरी जातात. लग्न होऊन रत्नागिरीहून भाईंदरला आले त्याच आठवड्यात मी सासूबाईंना म्हणाले, "कोपऱ्यावरचं दुकान बंद आहे." विमलाबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. "बंद म्हणू नये गं. त्याच्या पोटावर पाय का देतेस? वाढवलंय म्हणावं." मी तशी नाकावर राग असलेली बाई. कुणी शिकवायला आलं की आधी उलटून बोलते. पण हे एक म्हणणं मी मुकाट घेतलं, आणि पुढे तर सासूबाईंहून कडक झाले. बांगडी फुटली म्हणणाऱ्या पोरींना मी भर जिन्यात अडवून शब्द बदलायला लावलाय.

हे आधीच सांगून ठेवते, कारण दोन हजार आठच्या मार्चमध्ये जे झालं ते या एका शब्दामुळे झालं. आणि माझ्या तोंडामुळे.

मी मुंडावळ्या करते. नवरा-नवरीच्या कपाळाला बांधायच्या, मोत्यांच्या. बाजारात मिळतात त्यांचे सर दोन तासांत गळायला लागतात आणि सप्तपदीला नवरी एका हाताने मोती गोळा करत चालते. माझ्या तशा नाहीत. प्रत्येक मोत्यामागे मी गाठ मारते. माझी मुंडावळी तुटली तर गळून पडेल फक्त एक मोती, बाकीचे जागच्या जागी राहतील. हे कुणाला पटवायला मी कधी दारोदार गेले नाही. ते काम सुरुचीने केलं.

सुरुची म्हणजे 'करामत डॉट कॉम'ची मालकीण. घरोघरी हाताने वस्तू करणाऱ्यांची दुकानं तिने इंटरनेटवर एकत्र मांडली होती. चार वर्षांपूर्वी नवघर रोडचे आमचे तीन जिने चढून ती आली, जमिनीवर बसली, आणि खिडकीखाली पांढरी चादर अंथरून मुंडावळ्यांचे फोटो कसे काढायचे ते तिने मला शिकवलं. दुकानाला नाव काय द्यायचं म्हणाली. मी म्हटलं, काहीतरी देवाचं दे. तिने लिहिलं, 'उर्मिला परब यांच्या मुंडावळ्या'.

माझ्या घराच्या दारावर दशरथचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं नाव आहे. लाइट बिलावर अजून सासऱ्यांचं येतं. गॅसचं पुस्तक दिराच्या नावावर. माझं नाव असलेली जगात एकच पाटी होती आणि ती काँप्युटरच्या पडद्यावर होती. मेलबर्नहून, न्यू जर्सीहून नवऱ्या मला फोटो पाठवायच्या, कपाळाला माझे मोती बांधलेले. सायबर कॅफेत बसून मी ते फोटो इतका वेळ बघायचे की कॅफेवाला विचारायचा, "भाभी, और एक घंटा लिखूँ क्या?"

सुट्टीवर जायचं असेल, आजारपण असेल, तर तेवढे दिवस ऑर्डर येऊ नयेत म्हणून सुरुचीने दुकानाच्या पानावर एक लाल चौकोन ठेवला होता. तो दाबला की दुकान मिटायचं. त्यावर काय लिहावं असं तिने मलाच विचारलं होतं. मी सांगितलं, "दुकान वाढवा असं लिही. दुसरं काही लिहू नकोस." ती खूप हसली, आणि तेच लिहिलं. चार वर्षं करामतवर 'दुकान वाढवा' याचा अर्थ तोच होता.

मीरा-भाईंदरमध्ये आम्ही करामतचे बारा जण होतो. अकरा बायका आणि घोडबंदरचा महिपत, लाकडी खेळणी करणारा. सगळ्यांत लांब शेवंती, उत्तनच्या पुढे पालीतली कोळीण. जाळं विणायच्या गाठींनी ती पिशव्या आणि झोपाळे करायची. लाटेला न तुटणारी गाठ, पिशवीला काय होणार! हातात पैसा खेळायला लागल्यावर तिने गल्लीतल्या चार बायकांना शिकवून बसवलं होतं आणि आणखी सहा जणी दारात उभ्या होत्या. दर वेळी भेटली की एकच विचारायची, "बाय, माजा दुकान मोठा कंदी व्हनार?"

फेब्रुवारीत सुरुचीची मेल आली. चारच ओळी. मी करामत सोडतेय, नवे प्रमुख अभिनव तुम्हाला सांभाळून घेतील, रागावू नका. खाली त्या अभिनवचा फोटो, टाय लावलेला. मी तिथल्या तिथे सुरुचीला फोन लावला. लागला नाही. आठ दिवस रोज लावला. मग मला तिचाच राग आला, आणि तो काढायला ती नव्हती, म्हणून मी तो त्या टायवाल्यावर काढला.

महिपत कुठून तरी बातमी घेऊन आला. "वहिनी, तो साबणाच्या कंपनीतला माणूस आहे. त्याला मोठे लोक पायजेत. आपल्यासारखी छोटी दुकानं उडवणार आणि मशीनचा माल भरणार. लिहून ठेवा." त्या दिवसापासून माझी झोप गेली. मोती ओवताना गाठ चुकायला लागली, आणि माझी गाठ वीस वर्षांत चुकली नव्हती.

बारा मार्चला मेलवर पत्र आलं. मराठीत. करामतकडून मराठीत आलेलं ते पहिलं पत्र, मी आजही न बघता म्हणून दाखवते. 'सप्रेम नमस्कार. नव्या व्यवस्थापनाच्या निर्णयानुसार ३१ मार्चपर्यंत करामतवरील सर्व जुनी दुकाने वाढवण्यात येतील. ही प्रक्रिया विनाशुल्क आहे. ज्यांना आपले दुकान वाढवायचे नसेल त्यांनी २० मार्चपूर्वी तसे लेखी कळवावे.'

 मला संताप आला. वाढवणार, आणि वर फुकट वाढवून देणार! उपकारच की! मी कॅफेतच मोठ्याने काहीतरी बोलले असणार, कारण सगळे स्क्रीन सोडून माझ्याकडे बघायला लागले.

रविवारी बाराही जण आमच्या घरी जमले. मी पत्र वाचून दाखवलं.  महिपत म्हणाला, "मी सांगितलं होतं." एक-दोघींनी डोळ्याला पदर लावला. सासूबाई आतून म्हणाल्या, "निदान शब्द तरी नीट वापरलाय हो मेल्याने."

शेवंती भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "पन बाय, वाढवनार म्हंजे मोठा करनार, तसा न्हाय ना? वाढवनार बोलतात तर बराच हाय की."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तेव्हा एक क्षण, खरंच एक क्षण, माझ्या मनात काहीतरी हललं. पण मी उभी होते, पत्र माझ्या हातात होतं, आणि अकरा माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती.

"शेवंती, दुकान वाढवणं म्हणजे काय ते मला शिकवू नकोस," मी म्हणाले. "तो लाल चौकोन कुणी लिहिलाय? मी लिहिलाय. तुला माहीत नसेल तर गप्प बस. मासळीच्या टोपलीत आणि यात फरक असतो."

शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. शेवंतीचा चेहरा उतरला. "तसा बोलत न्हवती मी," एवढंच म्हणाली.

"फोन करून विचारूया का एकदा?" कुणीतरी म्हणालं.

"विचारायचं काय त्यात? मराठीत लिहिलंय, मराठी आपल्याला येतं." हेही मीच म्हणाले.

मग मी कागद घेतला आणि बसल्या बसल्या लिहिलं. 'आम्हां बारा जणांपैकी कोणालाही आपले दुकान वाढवायचे नाही. कृपया एकही दुकान वाढवू नये. तसे केल्यास आम्ही गप्प बसणार नाही.' वाचून दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या. सगळ्यांनी सह्या केल्या. शेवंती सही सावकाश करते, अक्षर अक्षर जोडून. पेन परत देताना म्हणाली, "तुज्या भरवशावर हाय हां, बाय." मी माझं नाव सगळ्यांत खाली लिहिलं. मला वाटलं, असं करणं मोठेपणाचं. सोमवारी मी ते पत्र करामतच्या ऑफिसला फॅक्स केलं.

एकोणीस तारखेला उत्तर आलं. 'आपल्या विनंतीचा आदर करून आपल्या भागातील बारा दुकाने वाढवण्यात येणार नाहीत.'

जिंकलो आम्ही! टायवाल्याला वाकवलं! दशरथ संध्याकाळी पेढे घेऊन आला. मी अकरा घरी वाटले. महिपत मला 'नेता' म्हणायला लागला आणि मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. शेवंती स्वतः आली, सुकट आणि बोंबील घेऊन, वर्तमानपत्रात बांधलेले. मी तिला म्हणाले, "बघ, ऐकलंस म्हणून वाचलीस." तिने हसून मान हलवली.

एकतीस मार्चला, सोमवारी, दुपारी दीड वाजता आमचा घरचा फोन वाजला. पुण्याहून, करामतच्या ऑफिसमधून एक मुलगी बोलत होती. नाव संचिता. मराठी बोलायची पण जरा हिंदीच्या वळणाने.

"उर्मिला मॅडम, आज लास्ट डे आहे म्हणून स्वतःहून कॉल करतेय. महाराष्ट्रातून फक्त तुमच्या बारा दुकानांचं 'नाही' आलंय. एकदा विचारते, सगळ्यांना खरंच नाही करायचं का?"

"नाही म्हणजे नाही," मी म्हणाले. "एकदा लिहून दिलंय ना?"

"नाही, ठीक आहे मॅडम. पण मग उद्यापासून तुमची दुकानं साइटवर दिसणार नाहीत, हे माहितीये ना? जुनी साइट संध्याकाळी सहाला जातेय. नवीनवर फक्त वाढवलेली दुकानं येतील."

मला वाटलं, या पोरीचं डोकं फिरलंय. "अगं, वाढवलेली दुकानं दिसतील कशी? वाढवलं म्हणजे संपलं ना?"

 ती हळूच म्हणाली, "मॅडम, वाढवणं म्हणजे मोठं करणं ना? जास्त वस्तू, मोठे फोटो, जास्त माणसं घेता येतील. इंग्लिशमध्ये एक्सपांड होतं. मराठी मीच केलं. मी इंदूरची आहे, माझं काही चुकलं का?"

मी खुर्चीवर बसले. समोर सुपात मोती होते, पांढरे आणि केशरी. मला शेवंतीचा आवाज ऐकू आला, अगदी शब्दन् शब्द. वाढवनार बोलतात तर बराच हाय की.

"तो लाल चौकोन," मी कसंबसं म्हणाले. "दुकानाच्या पानावर. त्यावर काय लिहिलंय?"

"कुठला? हां, तो. आम्हाला वाटलं सुरुची मॅडमने काहीतरी अर्धवट ठेवलेलं बटण आहे."

मी त्या मुलीवर ओरडायला तोंड उघडलं होतं. पण ओरडायचं कुणावर? तिने निदान फोन करून विचारलं होतं. मी ते सुद्धा केलं नव्हतं.

"आता काय करता येईल?" मी विचारलं.

"सहापर्यंत वेळ आहे. पण प्रत्येकाने स्वतः फोनवर यायला पाहिजे. नाव, दुकानाचा नंबर, किती हात काम करतात, त्यांची नावं, सगळं भरायचं, आणि शेवटी स्वतःच्या तोंडाने हो म्हणायचं. आठ-दहा मिनिटं लागतील एकेकाला. मराठीला मी एकटीच आहे, मॅडम. तुमचं आत्ता करून टाकू?"

त्या दोन-चार सेकंदांत मी किती विचार केला असेल! हो म्हणाले असते तर दहा मिनिटांत माझं काम झालं असतं. पण मग मी त्या अकरा जणांना फोन करून काय सांगणार होते? की मी तुम्हाला बुडवलं, आणि वर आधी माझं वाचवून घेतलं? पत्रावर माझं नाव शेवटी होतं.

"नको," मी म्हणाले. "आधी त्यांचं. माझं शेवटी."

त्या दुपारी मी आयुष्यात पहिल्यांदा 'माझं चुकलं' हे शब्द बोलले, आणि लागोपाठ नऊ वेळा बोलले. प्रत्येक फोन त्याच शब्दांनी सुरू करायचा होता, कारण त्याशिवाय पुढचं कुणाला कळत नव्हतं. एक जण रडली. एक जण म्हणाली, "तरी मला वाटलंच होतं," आणि मी ते गिळलं. आमच्याच इमारतीतल्या दोघींना मी स्वतः फोनवर बसवलं आणि शेजारी उभी राहून घड्याळ बघत राहिले. सासूबाई पाणी घेऊन आल्या. काय झालं ते मी सांगितलं तेव्हा त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. "माझ्यामुळे झालं का गं हे?" म्हणाल्या. मी नाही म्हणाले. ते खरं होतं.

चार वाजेपर्यंत नऊ जणींचं झालं. महिपत गिऱ्हाइकाकडे गेला होता. निरोप ठेवला. आणि शेवंती. तिचा मोबाइल लागतच नव्हता. पालीत समुद्राच्या बाजूला रेंज येत नाही. तिच्या शेजारच्या दुकानात फोन केला तर दुकानदार उचलेना.

मी चप्पल घातली. रिक्षाने स्टेशन, पूल ओलांडून पश्चिमेला, आणि उत्तनची बस. बस भरल्याशिवाय कंडक्टर घंटी मारेना. मी त्याला म्हणाले, "अहो, निघा ना," तर म्हणाला, "मॅडम, टायमिंग असतो." पाचला पाच मिनिटं कमी होती तेव्हा बस हलली.

पर्समध्ये माझा मोबाइल होता. खिडकीशी बसल्यावर मी तो बाहेर काढला. नंबर पाठ झाला होता. दहा मिनिटं, फक्त दहा मिनिटं. बसमधून बोलले असते, कुणाला कळलं असतं? मी बटण दाबलं सुद्धा. लाइन बिझी होती. लगेच महिपतचा मेसेज आला, रोमन अक्षरांत: 'vahini, majha chaluy, 5 min.' म्हणजे लाइनवर तो होता. त्याचं झालं की लाइन मोकळी होईल, आणि मी पालीत पोचायच्या आत माझं उरकेल. मी फोन हातात धरून बसले. राई गेलं, मोर्वा गेलं. फोन मी परत पर्समध्ये टाकला. त्या नऊ जणींपैकी कुणाचा नंबर चुकला असेल, कुणी परत लावत असेल. आणि शेवंतीचं अजून व्हायचं होतं; त्याआधी ती लाइन माझी नव्हती. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं आणि बसमध्ये रडायचं नव्हतं.

पालीच्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून स्कूटर आली तर भिंतीला चिकटावं लागतं. शेवंती घराच्या पुढे बसली होती, चौघींच्या मध्ये, हातात अर्धा झालेला निळा झोपाळा. मला बघून उठली. "बाय, तू? यवढ्या लांब?"

मी एका दमात सांगितलं. माझं चुकलं. वाढवणार म्हणजे मोठंच करणार होते. तू बोललीस ते बरोबर होतं. आपण नाही म्हणालो म्हणून सहा वाजता दुकान जाणार.

तिने झोपाळा खाली ठेवला. चौघींपैकी एकीनेही हात हलवला नाही.

"मी तवाच इचारला व्हता," शेवंती म्हणाली. आवाज चढला नाही, त्याने मला जास्त लागलं. "तू मना टोपलीवरून बोललीस. ह्या चौघींच्या पोरांचे शालेचे कपडे त्या दुकानावर हायेत. मी तुज्या भरवशावर सही केली, बाय."

"हो," मी म्हणाले.  "रेंज कुठे येते?"

 ती पदर खोचून पुढे चालायला लागली. "देवलाच्या पायऱ्यांवर." देऊळ म्हणजे चर्च, तिथे सगळे तसंच म्हणतात. आम्ही जवळजवळ धावतच गेलो. चार पायऱ्या चढल्यावर मोबाइलवर एक दांडी आली, सहा पायऱ्यांवर दोन. मी नंबर लावला. बिझी. परत बिझी. पाच बेचाळीस. पाच सेहेचाळीस. घामाने फोन हातातून निसटायला लागला. पाच एकोणपन्नासला संचिताचा आवाज आला. "मॅडम! कुठे आहात? एकीचा नंबर चुकला होता, तो दुरुस्त करत होते. दहा जणांचं झालं. तुम्ही दोघीच राहिलात."

शेवंतीने ते ऐकलं. तिने माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. हिशोब तिलाही कळत होता. "दोगींचा व्हयाचा न्हाय," ती म्हणाली. "तुजा दुकान मोठ्या नावाचा हाय. तू कर आदी."

तेवढं म्हणायची तिला काही गरज नव्हती. आणि एक क्षण मला वाटलं, करावं. मेलबर्नच्या नवरीचा चेहरा डोळ्यांसमोर आला, पडद्यावरचं माझं नाव आलं. मी फोन तिच्या हातात कोंबला. "बोल. लवकर बोल."

संचिता विचारत गेली, शेवंती सांगत गेली. दुकानाचा नंबर तिला तोंडपाठ होता. किती हात? "पाच. आनि सा यायचे हायेत." नावं सांगा. तिने दहाही बायकांची नावं सांगितली, आडनावांसकट, कुणाची घाई नसल्यासारखी, एकही नाव न खाता. मी पायरीवर बसून घड्याळाचा काटा बघत होते. मनात येत होतं, अगं, आवर. तोंडातून शब्द निघू दिला नाही.

"शेवटचं," संचिता म्हणाली. फोनचा आवाज मोठा होता, मला ऐकू येत होतं. "हे रेकॉर्ड होतंय. तुमच्या दुकानाचं काय करायचंय, ते तुमच्या शब्दांत सांगा."

शेवंतीने माझ्याकडे पाहिलं. मग फोन तोंडाजवळ धरून, चर्चच्या पायऱ्यांवरून सगळ्या पालीला ऐकू जाईल असं बोलली, "माजा दुकान मोठा करा."

वाढवा म्हणाली नाही. असा शब्द वापरला की इंदूरच्या पोरीलाही कळावा, माझ्या सासूबाईंनाही कळावा, आणि साबणवाल्यालाही. इतका साधा शब्द होता तो. त्या रविवारी आमच्या घरात बारा जणांपैकी एकीलाच सुचला होता, आणि मी तिला गप्प बसवलं होतं.

"झालं! सेव्ह झालं!" संचिता ओरडली. शेवंतीने फोन माझ्या कानाला लावला. पाच अठ्ठावन्न.

"उर्मिला परब," मी म्हणाले. "दुकान नंबर एक दोन सात..."

"बोला मॅडम, टाइप करतेय. एक दोन सात, पुढे?"

"एक दोन सात चार. हात एक. नाव माझंच. होकार माझा आहे, तू लिही, मोठं कर, पटकन कर..."

"मॅडम, एक मिनिट... मॅडम, पान फिरतंय नुसतं." कळफलकाचे खटखट आवाज आले, मग थांबले. "स्क्रीन गेली, मॅडम. जुनी साइट गेली. सॉरी. खूप सॉरी. मी सरांना उद्या विचारते, पण..."

"तुझं काही चुकलं नाही, बाळा," मी म्हणाले आणि फोन ठेवला. टायवाल्या सरांनी दुसऱ्या दिवशी नाही म्हटलं, तेही अगदी सभ्य भाषेत. पण ते मला त्या पायरीवरच माहीत होतं.

शेवंती माझ्या शेजारी बसली. तिच्या हाताला सुक्या मासळीचा आणि नायलॉनच्या दोरीचा वास येत होता. तो हात तिने माझ्या पाठीवर ठेवला. खाली गल्लीतून चौघी जणी येऊन उभ्या राहिल्या होत्या, काय झालं ते विचारायची कुणाची हिंमत होत नव्हती. शेवंतीने त्यांना मान हलवून सांगितलं, आपलं झालं. मग एकीने माझ्याकडे बोट केलं, आणि यांचं?

मी स्वतःच सांगितलं. "माझं दुकान बंद झालं."

शेवंती एकदम दचकली. "तसा बोलू नये, बाय," ती म्हणाली. "सांजंच्या टायमाला. वाढवला म्हन."

"नको," मी म्हणाले. "बंदच म्हणते. तेवढं तरी सगळ्यांना नीट कळेल."